नळ्या बेसूर का लागतात आणि वीस जणांची लय का पळते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. लहानांपासून ज्येष्ठांपर्यंत वीस जणांचा तुमचा गट आहे आणि संगीत शिकलेलं कुणी नाही. पीव्हीसी पाइप कापून, एका तोंडाला टोपण बसवून, जमिनीवर आपटून वाजवायच्या नळ्या तुम्ही केल्या. लांबी ‘ध्वनीचा वेग भागिले (चार गुणिले कंप्रता)’ या सूत्राने काढली; कंप्रता म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. तरी नळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि आखूड नळ्या जास्तच उतरलेल्या वाटतात. शिवाय एकत्र वाजवायला घेतलं की दोन मिनिटांत लय पळते. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘आम्हाला कानच नाही का?’

कान आहे, आणि चांगला आहे. ‘आखूड नळ्या जास्त उतरलेल्या’ हे तुम्ही नेमकं ऐकलंत, आणि दोष कुठे आहे ते त्यातूनच कळतं.

एका बाजूने बंद असलेल्या नळीत हवेचा जो स्तंभ कंप पावतो, तो तरंगलांबीच्या पाव पट असतो. म्हणून तुमचं सूत्र चुकीचं नाही, अपुरं आहे. उघड्या तोंडाशी हा स्तंभ नळीच्या कडेवर थांबत नाही, थोडा बाहेर येतो. किती, तर आतल्या व्यासाच्या साधारण ०.३ पट. आतला व्यास २८ मिलिमीटर असेल तर सुमारे साडेआठ मिलिमीटर. नळी लांब असो की आखूड, ही वाढ तेवढीच राहते. ६६० मिलिमीटरच्या मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, ‘सा’ला ती फारशी जाणवत नाही, सूर साधारण २२ सेंट उतरतो (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं एकक). मध्य ‘सा’ ४४ सेंट उतरतो. तार ‘सा’ मात्र ८७ सेंट. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून हार्मोनियमच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचं अंतर असतं, म्हणजे तुमचा तार ‘सा’ जवळजवळ एक पट्टी खाली बोलतोय. सगळ्या नळ्या सारख्याच प्रमाणात उतरल्या असत्या तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. प्रमाण वेगवेगळं आहे म्हणून कानाला खटकतं.

चूक लांबीच्या बाजूची आहे हे बरं. एकही नळी फेकायची नाही. प्रत्येकीच्या उघड्या तोंडाकडून आधी सहा मिलिमीटर कापा, उरलेलं हळूहळू घासत या.

सुधारलेलं सूत्र असं: नळीची आतली खोली = ध्वनीचा वेग ÷ (४ × कंप्रता) − ०.३ × आतला व्यास. ध्वनीचा वेग २५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढलं की साधारण ०.६ मीटरने वाढतो. मध्य ‘सा’ २६२ हर्ट्झ, म्हणजे पांढरी एक, आणि आतला व्यास २८ मिलिमीटर धरला तर आतली खोली मिलिमीटरमध्ये अशी येते:

मंद्र प ४३२, मंद्र ध ३८८, सा ३२२, रे २८५, ग २५६, प २१२, ध १९०, तार सा १५७.

हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. पाइपवर छापलेलं माप आतल्या व्यासाचं असेलच असं नाही, म्हणून आतून मोजा. ‘खोली’ म्हणतोय तीही आतलीच: उघड्या तोंडातून सरळ काडी तळाला टेकेपर्यंत घाला, कडेशी खूण करा आणि काडी मोजा. टोपणाचा तळ सपाट असेल तर ही खोली पाइपच्या लांबीइतकीच येते. तो वाटीसारखा खोलगट असेल तर काही मिलिमीटर वाढतात, आणि सूर का उतरला हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

कापताना दोन गोष्टी सांभाळा. पाइपभोवती कागद घट्ट गुंडाळून त्याच्या कडा एकमेकींवर बसवा आणि त्या कडेने रेघ मारा, म्हणजे काप सरळ येतो. तिरक्या तोंडाची नळी वाजते, पण मोजायची कुठून हेच कळत नाही. दुसरं म्हणजे सुरुवातीला पाच मिलिमीटर जास्त ठेवा. करवतीला बारीक दातांचं पातं लावा, कडेची कूस सँडपेपरने काढा, आणि पाइप तापवून वाकवायच्या किंवा वितळवायच्या भानगडीत पडू नका, तापलेल्या पीव्हीसीतून घातक वायू सुटतो.

एक मिलिमीटर घासल्याने किती फरक पडतो हे माहीत असलं की हात आपोआप जपून चालतो. मध्य ‘सा’वर एक मिलिमीटर म्हणजे साधारण ५ सेंट, तार ‘सा’वर १०, आणि मंद्र ‘सा’ केलात तर त्यावर फक्त अडीच. म्हणून लांब नळीत एक-दोन मिलिमीटरची चूक खपून जाते, आखूड नळीत अर्धा मिलिमीटरही महाग पडतो. नळी जास्त कापली गेली तर तोंडाभोवती जाड कागदाची किंवा चिकटपट्टीची कडा थोडी बाहेर काढून गुंडाळा. लांबी वाढते, सूर उतरतो. उलट, न कापता सूर चढवायचा असेल तर टोपणाच्या आत फोमची किंवा रबराची चकती चिकटवा. टोपण अर्धवट बाहेर ठेवून जुळवण्याचा मोह होतो, पण आपटून आपटून ते आत जातं आणि दहा मिनिटांत सूर बदलतो. टोपण पूर्ण आत ठोका. सैल असेल तर नळाच्या आट्यांवर लावतात ती टेफ्लॉन टेप गुंडाळा. हवा निसटणारी नळी बेसूर वाटत नाही, ती मुकी वाटते: थप्प आवाज येतो, सूर येत नाही.

तुमचा ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं फोनवरचं ॲप, वेडंवाकडं दाखवतो, त्यालाही कारण आहे. आपटलेल्या नळीचा सूर क्षणात विरतो, ॲपला तेवढा वेळ पुरत नाही. शिवाय एका बाजूने बंद नळीत मूळ कंप्रतेची तिप्पट, पाचपट अशी विषम स्वनकंच, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूरच, असतात. ‘सा’ची तिप्पट म्हणजे तार सप्तकातला ‘प’, त्यामुळे ‘सा’ची नळी आपटल्यावर ॲप कधीकधी ‘प’ दाखवतं. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, नळी एकसारख्या अंतराने आठ-दहा वेळा आपटा आणि सर्वांत जास्त वेळा येणारं वाचन धरा. याहून भरवशाची पद्धत म्हणजे हवा तो सूर फोनवर किंवा हार्मोनियमवर सलग लावायचा आणि नळीचं तोंड त्याच्याजवळ न्यायचं. नळी जुळली असेल तर ती स्वतःच गुंजायला लागते. तोंडावर फुंकर मारूनही सलग सूर मिळतो, पण ओठांनी तोंड अर्धवट झाकलं जातं आणि सूर उतरतो. म्हणून फुंकर दोन नळ्यांची आपसात तुलना करायला चालेल, आकडा वाचायला नाही.

जुळवण्याचा क्रम ठेवा: आधी ‘सा’, त्याच्याशी ‘प’, मग तार ‘सा’ आणि मंद्र ‘प’, शेवटी ‘ग’, ‘ध’, ‘रे’. कानाला षड्ज-पंचम सर्वांत पक्का कळतो, म्हणून तो आधी.

आपटायचं कशावर, याला मी फार महत्त्व देतो. बंद टोक एकदम थांबतं आणि आतल्या हवेला धक्का बसतो, त्यातून सूर येतो. उघड्या फरशीवर टोपणाचा ‘टक्’ सुराला झाकून टाकतो. जाड गादीवर टोक हळू थांबतं आणि सूरच उमटत नाही. पायपुसणं, योगासनांची चटई किंवा दोन घड्या घातलेली सतरंजी यांतलं काहीतरी बहुधा जमतं. प्रत्येक जमीन वेगळी असते, म्हणून जागेवरच ताडून बघा. नळी मध्यावर सैल धरा, तोंडाजवळ हात नको. तोंडावर हात आला की सूर खाली सरकतो. तो परिणाम हवा असेल तेव्हा मुद्दाम करायलाही छान आहे.

टोपण काढून तीच नळी वाजवली तर बरोबर एक सप्तक वरचा सूर मिळेल, असंही तुम्ही गृहीत धरलं आहे. तसं होत नाही. दोन्ही तोंडं उघडी असली की दोन्हीकडे वाढ होते, आणि ३२२ मिलिमीटरची उघडी नळी तार ‘सा’पेक्षा जवळजवळ ४५ सेंट खाली बोलते. तार ‘सा’ची नळी वेगळीच करा.

आता लयीकडे येतो. नळ्या पूर्ण जुळल्या तरी हा प्रश्न आपोआप सुटणार नाही, आणि माझ्या मते खरा रस इथेच आहे.

एकाकडे एकच सूर, म्हणजे एकट्याने काहीच वाजत नाही. इंडोनेशियातलं बांबूचं आंगक्लुंग असंच वाजवतात. युनेस्कोने २०१० साली त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतरांगांतल्या सिकू या नळ्यांच्या वाद्यात तर एकाच सप्तकातले सूर एकाआड एक करून ‘इरा’ आणि ‘आर्का’ अशा दोन भागांत, दोन वादकांकडे वाटलेले असतात. धून दोघांच्या मध्ये तयार होते. तुमच्या गटातही तेच व्हायला हवं, आणि त्यासाठी प्रत्येकाने शेजाऱ्याची वाट न पाहता पुढची मात्रा आधीच ओळखायला शिकायला हवं.

हे असं का, तेही सांगतो. आवाज ऐकून हात हलवायला माणसाला साधारण १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ८० मात्रा असतील तर एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. शेजाऱ्याचा ‘सा’ ऐकून मग आपला ‘ग’ वाजवणारा माणूस पाव मात्रा उशिरा येतो. उशीर झाला हे त्याला कळतं, पुढच्या वेळी तो घाई करतो. त्याची घाई ऐकून पुढचा घाई करतो. वीस जणांत ही घाई फिरत फिरत वाढते. त्यात आवाज चढला की लयही चढते. नवशिक्यांच्या हातात जोर आणि वेग एकत्रच येतात. म्हणून ‘हळू घ्या’ असं ओरडून उपयोग होत नाही, ‘हलक्या हाताने’ म्हटलं की लय आपोआप बसते.

बसण्याची रचना आधी बदला. रांगा नकोत, गोल हवा. ध्वनीला तीन मीटर जायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात, दहा मीटरला २९. दोन ठोक्यांमध्ये तीसेक मिलिसेकंदांचं अंतर पडलं की ते फुटलेले ऐकू येऊ लागतात. वीस जण साठ-साठ सेंटिमीटर घेऊन गोलात बसले तर व्यास चार मीटरच्या आत राहतो. सगळे एकमेकांना दिसतात, हे त्याहून मोलाचं. समोरच्याची नळी उचललेली दिसली की पुढची मात्रा डोळ्यांनी कळते.

मग रिकाम्या मात्रा भरा. लय नेहमी शांततेत पळते, वाजवताना नाही. प्रत्येकाने आठही मात्रांना पायाने हलका ठेका द्यायचा, किंवा नळी न आपटता प्रत्येक मात्रेला खाली-वर करायची आणि आपल्या मात्रेलाच टेकवायची. हात सतत चालू राहिला की वाट पाहणं संपतं. लय मिनिटाला ८० ठेवा. ४० वर घेतली तर सोपं जाईल असं वाटतं, पण दीड सेकंदाची पोकळी नवख्या माणसाला पेलत नाही.

सुरुवातीसाठी कहरव्यासारखा आठ मात्रांचा हा साचा घ्या. ‘सा’ पहिल्या आणि पाचव्या मात्रेला, मंद्र ‘प’ तिसऱ्या, मंद्र ‘ध’ सातव्या. हा पाया झाला. वर ‘ग’ दुसऱ्या आणि चौथ्या, ‘रे’ सहाव्या, ‘प’ आठव्या मात्रेला. ‘ध’ एक आवर्तन (आठ मात्रांची एक फेरी) सोडून सातव्या मात्रेला, आणि तार ‘सा’ दर चौथ्या आवर्तनाच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला. कुणालाही धून पाठ करायची नाही, आपला मात्रेचा आकडा लक्षात ठेवायचा. पहिल्या दिवशी फक्त ‘सा’वाले वाजवतील आणि बाकीचे मोजतील. ते स्थिर झाले की मंद्र ‘प’, मग मंद्र ‘ध’. नवा थर येताना लय डळमळली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, पाया चालू ठेवून वरचा थर तेवढा थांबवा.

वीस जणांची वाटणी मी अशी सुचवेन: मंद्र प २, मंद्र ध २, सा ३, रे २, ग २, प ३, ध २, तार सा १, आणि तिघांकडे खुळखुळे. वरचे सूर कानाला लवकर टोचतात, म्हणून तिथे कमी माणसं. खुळखुळ्याचा डबा एक तृतीयांशच भरा, मण्यांना उडायला जागा नसेल तर आवाज गुदमरतो. ज्यांना उंच सूर नीट ऐकू येत नाहीत अशा ज्येष्ठांना लांब नळ्या द्या. हात थरथरत असेल तर खुळखुळा चांगला, तिथे प्रत्येक मात्रेचा नेमका क्षण तेवढा कडक नसतो. गटात कुणी लयीला पक्कं निघालं तर त्याला पुढारी करू नका. त्याला मधोमध ‘सा’ द्या, गट त्याच्याकडे न पाहताही सावरतो. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: चालू आवर्तनात कुणीही कुणाला दुरुस्त करायचं नाही. फोन गोलाच्या मध्यभागी ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि नंतर सगळ्यांनी ते एकत्र ऐका. कुणी चुकलं हे सांगावं लागत नाही.

भूप रागाचे सा, रे, ग, प, ध हे पाचच सूर सुचवले, कारण त्यात लगतच्या कोणत्याही दोन सुरांत अर्ध्या स्वराचं अंतर नाही. कुणी चुकीच्या मात्रेला वाजवलं तरी कर्कश काही होत नाही. या आधारावर लोक धीट होतात आणि स्वतःचं काही करून बघायला लागतात. पण दर आवर्तनाला काहीतरी नवं केलं तर साचा विरघळतो. एका वेळी एकाच माणसाने एकच बदल करावा, चार आवर्तनं तो सगळ्यांनी ऐकावा, मग ठेवायचा की नाही ते गटाने ठरवावं.

यापुढे जायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली स्वस्त आणि चकित करणारी: ‘ग’च्या नळ्या बाजूला ठेवून त्यांच्या जागी २६७ मिलिमीटरच्या कोमल ‘ग’च्या दोन नळ्या आणा. मात्रा त्याच, माणसं तीच, पण सूर शिवरंजनी रागाचे. दोन नळ्यांनी खोलीतली हवा बदलते, हे मुलांना शब्दांत समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी वाट मूर्च्छनेची, म्हणजे सूर तेच ठेवून षड्ज (‘सा’) दुसऱ्याच सुराला मानण्याची. तिच्यात काही कापावंच लागत नाही. समेवर आणि पायाच्या थरात ‘सा’ऐवजी मंद्र ‘प’ ठेवा, तोच षड्ज माना, की याच नळ्यांतून दुर्गा रागाचे सूर निघतात. मंद्र ‘ध’ला षड्ज मानलं तर धानीचे. ‘ग’ला मानलं तर मालकंसाचे, पण त्याला वरचा ‘रे’ (१३८ मिलिमीटर) आणि वरचा ‘ग’ (१२४) अशा दोन छोट्या नळ्या जोडाव्या लागतील. फक्त धानीत एक अडचण येते. वर दिलेल्या लांब्या शुद्ध गुणोत्तरांच्या (‘प’ ‘सा’च्या नेमका दीडपट, अशा) आहेत, त्यामुळे धानीचा मध्यम, म्हणजे इथला ‘रे’, सुमारे २२ सेंट चढा लागतो. मूर्च्छनाच मुख्य हेतू असेल तर ‘ग’ २५६ऐवजी साधारण २५३.५ आणि ‘ध’ १९०ऐवजी १८८ ठेवा, मंद्र ‘ध’ही ३८८ऐवजी ३८४ करा. सगळे राग थोडे थोडे तडजोडीचे होतील, पण एकही खटकणार नाही.

सोबत हार्मोनियम घ्यायची असेल तरी हीच तडजोडीची मापं घ्या, कारण तिच्या पट्ट्या समान अंतरांच्या असतात. मात्र नळ्या त्याच खोलीत, कार्यक्रमाच्या वेळेइतक्याच तापमानाला जुळवा. दहा अंशांच्या फरकाने सगळ्या नळ्या मिळून सुमारे ३० सेंट सरकतात. त्या आपसात जुळलेल्याच राहतात, पण हार्मोनियमच्या धातूच्या पात्या तेवढ्या हलत नाहीत. गारठ्यात नळ्या उतरल्या तर तोंडाकडून घासू नका. टोपणात पातळ चकती टाका, म्हणजे ऊन चढल्यावर ती काढून घेता येते. एकच जाडीची चकती सगळ्या नळ्यांना चालणार नाही: ३० सेंटसाठी मध्य ‘सा’ला साधारण सहा मिलिमीटर लागतात, तार ‘सा’ला तीन.